वारीचे फोटो साठवलेत, पण सापडत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी हौशी छायाचित्रकार, पोटापाण्याचा धंदा वेगळा. निकॉन डी७० हातात आला तेव्हापासून माउलींच्या पालखीबरोबर जमेल तेवढे टप्पे चालतो आणि फोटो काढतो. नंतर डी७५० घेतला. सगळं मिळून साठा चार टीबीच्या घरात गेलाय. जागेची अडचण नाही, डिस्क आणता येते. सापडत नाही ही अडचण आहे, आणि टाकायचं काय हे कळत नाही ही त्याहून मोठी.

फोल्डर तारखेप्रमाणे आहेत. बाकी कशालाही ते ठीक, वारीला निरुपयोगी. आषाढी २०१५ ला २७ जुलैला होती, २०२३ ला २९ जूनला. त्यामुळे 'चांदोबाचा लिंब इथली सगळी उभी रिंगणं दाखव' म्हटलं की पंचांग उघडून बसावं लागतं. २०२० आणि २०२१ ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, पायी वारी नव्हती. तेव्हा घरी बसून लाइटरूममध्ये (अडोबीचा फोटो लावण्या-सुधारण्याचा प्रोग्रॅम) कीवर्ड द्यायला घेतले, पण जुनी काही वर्षं अजून पिकासात (गूगलचा जुना फोटो-प्रोग्रॅम) लावलेली आहेत आणि पिकासा तर २०१६ मध्येच बंद झालं.

आता टाकण्याचं. रोलच्या काळात छत्तीस फ्रेम असायच्या, बोट आपोआप आवरायचं. डी७५० सेकंदाला साडेसहा फ्रेम काढतो. रिंगणात स्वाराचा अश्व आणि मागून माउलींचा अश्व सुटला की बटण सुटत नाही, आणि दर रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) २५-३० एमबीची. ठेवण्यासारखी फ्रेम त्यातून एखादीच निघते. घोड्यांच्या बाबतीत मी निर्दयपणे डिलीट करतो, काही वाटत नाही.

माणसांचं तसं होत नाही. गेल्या काही वर्षांत लोक विचारायला लागलेत : "आमचे वडील अमुक दिंडीत होते, आता नाहीत. तुमच्याकडे एखादा फोटो असेल का?" शोधल्यावर जो मिळतो तो बहुतेक वेळा मी 'रिजेक्ट' मारलेला असतो. कडेला अर्धवट आलेले, जरासे हललेले, टाळ तोंडासमोर. फोटो म्हणून शून्य. त्या घराला मात्र तोच हवा असतो. मग निवडायचं कोणत्या नजरेने?

नेमके प्रश्न :
१) फोल्डर बदलू की कीवर्डवर भर देऊ?
२) लाइटरूमचं वर्गणीचं प्रकरण उद्या थांबवलं तर केलेलं काम हाती राहील का?
३) पिकासातलं काय वाचवता येईल?
४) माणसं कशी शोधू? चेहरे ओळखण्याची सोय वापरून पाहिली. पांढरी टोपी, कपाळी गंध, दाढीचे खुंट... तिने निम्म्या वारीला एकाच नावाखाली घातलं.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद : डोंगरवाट

फोल्डरला हात लावू नका. एक फाइल एकाच फोल्डरमध्ये बसते, कीवर्ड मात्र हवे तेवढे देता येतात. मुक्काम, विसावा आणि प्रसंग (रिंगण, नीरा स्नान, दिवे घाट) एवढे तीनच गट ठेवा. पन्नास कीवर्डची यादी करणारे लोक दुसऱ्या वर्षी कंटाळतात, स्वानुभव. लाइटरूममध्ये कीवर्डला समानार्थी शब्द जोडता येतात, तिथे रोमन स्पेलिंग टाकून ठेवा.

दुसरं : तुमचं काम सध्या फक्त कॅटलॉगच्या, म्हणजे लाइटरूमच्या स्वतःच्या नोंदवहीच्या, फाइलीत आहे. सेटिंगमध्ये बदल एक्सएमपीत लिहिण्याचा पर्याय चालू करा. मग रॉच्या शेजारी छोटी फाइल तयार होते आणि कीवर्ड, तारे, कॅप्शन डिजीकॅम किंवा डार्कटेबल या मोफत फोटो-प्रोग्रॅमनाही वाचता येतात. कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फाइलीची लाइटरूममधली दुसरी आवृत्ती) मात्र त्यात जात नाहीत, त्या कॅटलॉगमध्येच राहतात. वर्गणी थांबवली तरी लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो पाहता आणि एक्स्पोर्ट करता येतात. डेव्हलप, म्हणजे फोटो सुधारण्याचा विभाग, बंद होतं.

प्रतिसाद : जुनी काच

पिकासाबद्दल. जेपेगला दिलेली कॅप्शन आणि टॅग फाइलच्या आतच लिहिलेले असतात, ते लाइटरूमला आपोआप दिसतील. अल्बम पिकासाच्या डेटाबेसमध्ये अडकलेले आहेत. पिकासा अजून चालणारा संगणक असेल तर एकेक अल्बम निवडून त्यातल्या फोटोंना अल्बमच्या नावाचा टॅग द्या, मग तो फोटोबरोबर जाईल. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं. आणि 'फालतू दिसतात' म्हणून फोल्डरमधल्या लपलेल्या आयएनआय फाइली उडवू नका, केलेली एडिटिंग त्यांतच नोंदलेली असते.

बॅकअपचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, त्याची जास्त काळजी वाटली. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम पाळा : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. रेडला (RAID, तेच फोटो आपोआप दोन डिस्कवर लिहिणारी जोडणी) बॅकअप समजू नका. चुकून डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कवरून इमानदारीत डिलीट होतं.

प्रतिसाद : टाळकरी

दादा, मला कॅमेऱ्यातलं कळत नाही, पण वारी चालतो. चेहरे कशाला शोधता? दिंडी शोधा. प्रत्येक नोंदणीकृत दिंडीला क्रमांक आहे, रथापुढील अमुक, रथामागील अमुक, आणि फलकावर तो लिहिलेला असतो. चालण्याचा क्रम ठरलेला असतो. वडिलांचा फोटो मागणाऱ्याला दुसरं काही नाही तरी दिंडीचा नंबर नक्की माहीत असतो.

धागाकर्ता

टाळकरी माउली, हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं! म्हणजे फलक दिसणारी फ्रेम, मग ती कितीही सुमार असो, टाकायची नाही. तिच्या आणि पुढच्या फलकाच्या मधले सगळे फोटो वेळेप्रमाणे त्या दिंडीचे. मी एका जागी उभा राहून काढले असतील तिथे हे अचूक बसेल. मी चालत मागेपुढे झालो असेन तिथे नाही.

डोंगरवाट, एक्सएमपी आजच चालू करतो. जुनी काच, दोन प्रती आहेत, पण दोन्ही घरातच. एक भावाकडे साताऱ्याला ठेवतो.

एकच राहिलं. काही वर्षं दोन कॅमेरे होते आणि त्यांच्या घड्याळांत काही मिनिटांचा फरक आहे. दिंडीची जुळणी वेळेवर करायची तर आधी तो काढावा लागेल. लाइटरूममध्ये एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून वेळ एकदम सरकवता येते हे माहीत आहे, पण नेमका फरक किती ते कसं काढू? दोन्ही कॅमेऱ्यांत एकच क्षण आलेला असेल असं रिंगणाखेरीज काही सुचत नाहीये.