‘महागाई घटली’ म्हणजे नेमकं काय घटलं?

लेखनिक : ‘महागाई घटली’ असा मथळा वाचला की घरात हमखास प्रश्न येतो, मग तूरडाळ स्वस्त का नाही झाली? महागाई, भाववाढ, चलनवाढ हे शब्द समानार्थी धरायचे का? आणि ‘क्रयशक्ती’ला, म्हणजे पैशाच्या खरेदीच्या ताकदीला, रोजच्या बोलण्यातला काही शब्द आहे का?

बाजारहाट : मथळाच फसवा आहे. घटतो तो महागाईचा दर. 100 रुपयांची वस्तू 6 टक्क्यांनी चढून 106 ला गेली. पुढच्या वर्षी दर 4 टक्क्यांवर आला तरी ती 110 रुपये 24 पैशांना पडणार. भाव खरंच खाली आले की आपण ‘उतरले’ म्हणतो. कांदा उतरतो, टोमॅटो उतरतो. डॉक्टरची फी उतरल्याचं कुणी ऐकलंय?

कारकून : भाववाढ एकट्या कोथिंबिरीचीही असू शकते. महागाई चहूबाजूंनी येते. ‘चलनवाढ’ हे खरं तर कारणाचं नाव, मालाच्या मानाने चलन जास्त झालं की भाव चढतात, या समजुतीतून आलेलं. आता ते परिणामालाच चिकटलंय. महागाईचा दर 4 टक्क्यांवर (अधिक-उणे 2) ठेवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उद्दिष्टाच्या बातम्यांत ‘चलनवाढ’ असंच दिसतं. पण पगारपत्रकावर ‘महागाई भत्ता’च, ‘चलनवाढ भत्ता’ नाही!

जाता जाता, ‘अवमूल्यन’ यात मिसळू नये. सरकारनेच रुपयाची परकी चलनातली किंमत उतरवली की ते अवमूल्यन. 1966 च्या जूनमध्ये डॉलरचा सरकारी दर 4.76 वरून 7.50 रुपये झाला, तसं.

जुनं नाणं : क्रयशक्तीसाठी बोलीत नाम शोधत बसू नका, क्रियापद आहे. ‘शंभरात काय येतं हल्ली?’ यातलं ‘येणं’ म्हणजेच क्रयशक्ती. जुन्या व्यवहारात धान्याचा भावच तसा सांगत, रुपयाला इतके शेर, इतक्या पायल्या. त्याला ‘धारण’ म्हणत. रुपया जागच्या जागी, माप कमी-जास्त. आता आपण किलो पक्का धरतो आणि रुपये हलवतो, त्यामुळे वस्तू महागली असं वाटतं. रुपया हलका झाला हे डोळ्यांआड राहतं. लिंबंवाली मात्र अजून जुन्याच पद्धतीने बोलते, ‘दहाला दोन’. पाच रुपयांचा बिस्किटपुडाही त्याच चालीचा, किंमत तीच आणि आत बिस्किटं कमी. फक्त तो ओरडून सांगत नाही.

बाजारहाट : ‘धारण’ झकास! हिशेबाला सोपी युक्ती : 72 ला महागाईच्या दराने भागा, रुपयाची ताकद निम्मी व्हायला लागणारी वर्षं मिळतात. दर 6 टक्के राहिला तर साधारण 12 वर्षांनी आजच्या शंभरात आज पन्नासला मिळतं तेवढंच येईल.

कारकून : आणि ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’? दोन्ही मिळून बंदा रुपया. 1957 मध्ये दशमान नाणी आली, 2011 मध्ये पंचवीस पैशांचं नाणंही बाद झालं, तरी म्हण तिथंच. म्हणींना महागाई भत्ता नसतो.

लेखनिक : मग मथळा ‘भाववाढीचा वेग मंदावला’ असा करू?

बाजारहाट : अर्थाने बिनचूक. एका कॉलमात मावत नाही म्हणून उपसंपादक कुरकुरेल, तेवढं सोसा.