भीमाशंकरच्या सोप्या रानवाटेला नियोजन कशाला?

मुक्तवाटसरू :
भीमाशंकरच्या देवळापासून गुप्त भीमाशंकर आणि परतताना नागफणीचा कडा, एवढ्या अर्ध्या दिवसाच्या फेरीसाठी लोक बूट, काठ्या, शिट्ट्या आणि याद्या घेऊन निघतात, हे पाहून वाईट वाटते. मी डिसेंबरात साध्या चपला घालून आणि पाण्याची एक बाटली घेऊन गेलो व सुखरूप परतलो. सोप्या वाटेचा बाऊ करून आपण नवख्या माणसांना रानापासून तोडत आहोत.

करवंद :
आपले म्हणणे मी दोनदा वाचले आणि राहवले नाही म्हणून सविस्तर लिहिते आहे. वाट सोपी की अवघड, हे एकट्या वाटेवरून ठरत नाही. कोण चालणार आहे, कोणत्या महिन्यात आणि किती वाजता, यावर ते ठरते. चार वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही अडुसष्ट वर्षांचे सासरे आणि सात वर्षांचा भाचा यांना घेऊन याच वाटेने गेलो होतो. दर्शनाच्या रांगेत दुपार गेली आणि निघायलाच साडेतीन वाजले. जाताना सगळे हसतखेळत चालत होते. परतीच्या वाटेवर मात्र धुके इतके उतरले की पुढे चालणाऱ्याची पिशवीसुद्धा दिसेना. त्यातच शेवाळलेल्या काळ्या दगडावर सासऱ्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी ती चप्पल हातात घेतली, दुसरा पाय चाचपडत पुढे टाकला आणि ओहोळाच्या पाण्यातच बसले. जाताना वीस मिनिटांत कापलेल्या टप्प्याला परतताना तासाच्या आसपास लागला. फोनला रेंज नव्हती, त्यामुळे ११२ क्रमांक पाठ असूनही त्याचा काही उपयोग नव्हता. आमच्याकडे एकही विजेरी नव्हती, याची मला आजही लाज वाटते. सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या चालीने वेळ मोजणे आणि कुठूनही मागे फिरण्याची वेळ आधीच ठरवणे, एवढ्याला आपण बाऊ म्हणणार असाल, तर तो बाऊ मी जन्मभर करीन.

जुना भटक्या :
करवंदताईंशी सहमत आहे. गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डोंगरांसाठी मांडलेला हिशेब आजही उपयोगी पडतो : सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास, तोही तब्येतीने खणखणीत माणसाला आणि विश्रांती न धरता. मुक्तवाटसरूंनी आरंभबिंदू लिहिला हे चांगलेच केले, कारण ‘भीमाशंकर सोपे आहे’ एवढेच वाचून कर्जतकडून पायथ्याच्या खांडस गावी उतरणारे आणि पावसात थेट शिड्यांच्या अवघड वाटेला, शिडी घाटाला भिडणारे लोक मी पाहिले आहेत. खांडसहून चढणारी दुसरी वाट, गणेश घाट, लांबची असली तरी नवख्यांनी तीच धरावी; दोन्ही वाटा वर पदरवाडीपाशी मिळतात. मात्र देवळाजवळच्या मळलेल्या वाटेसाठी वाटाड्या घेण्याची टूम मला मान्य नाही. दोन तास पुढे चालण्याचे पैसे मागणे ही सरळ अडवणूक आहे.

खोऱ्यातला :
अडवणूक हा शब्द आपण मागे घ्यावा. माझे घर याच खोऱ्यात आहे. आषाढात भाताची लावणी ऐन भरात असते आणि नेमक्या त्याच दिवसांत, रात्री आठनंतर, कोणाचा तरी मुलगा किंवा कोणाची तरी मावशी सापडत नाही असा निरोप येतो. लावणीच्या चिखलातले पाय तसेच घेऊन, डोक्यावर इरले घालून माझे काका शोधायला गेलेले मी लहानपणापासून पाहतो आहे. त्या रात्रींचे पैसे आम्ही कधी मागितले नाहीत आणि कोणी देऊही केले नाहीत. हिरड्याचा हंगाम संपला की आमच्या मुलांच्या हाती रोख पैसा फारसा येत नाही. त्यांनी दिवसाढवळ्या, आधी ठरवून चार पैसे घेतले, तर तेवढेच आपल्याला खुपते का?

मुक्तवाटसरू :
आपल्या कष्टांबद्दल आदर आहे, पण हे भावनिक दडपण झाले. मी हरवलो नव्हतो आणि मला कोणी शोधायलाही आले नव्हते.

खोऱ्यातला :
आपण डिसेंबरात गेलात, म्हणजे कोरड्या दगडांवरून आणि स्वच्छ हवेत चाललात. ‘चपला चालतात’ हे वाचून जुलैत येणाऱ्या कुटुंबाची जबाबदारी आपण घेणार का? नागफणीचा कडा थेट कोकणाकडे तुटलेला आहे आणि धुक्यात त्याची कड दिसत नाही. आणखी एक सांगतो. वाटाड्या केवळ वाट दाखवत नाही. एकच शेकरू, म्हणजे इथली मोठी खार, उंच झाडांवर काटक्यापानांची अनेक घरटी बांधते, त्यांतले राहते कोणते हे आमच्या मुलांना कळते आणि त्या झाडाखाली आरडाओरडा करू नका असे सांगायला तेच असतात. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले ते मुख्यतः याच प्राण्यासाठी.

जुना भटक्या :
अडवणूक हा शब्द मागे घेतो. मला एकदा वाईट अनुभव आला होता आणि तो मी सरसकट सर्वांवर लादला. तरीही दर आधी बोलून ठरावेत, यावर मी ठाम आहे.

करवंद :
ते दोन्ही बाजूंच्या हिताचेच आहे. आम्ही त्या संध्याकाळी बाहेर पडलो ते एका हिरडे विकणाऱ्या आजींमुळे. दुकान आवरून घरी निघालेल्या त्या बाईंनी भाच्याला कडेवर घेतले आणि आम्हाला वाहनतळापर्यंत आणून सोडले.

मुक्तवाटसरू :
मी हंगाम लिहिला, पण त्याने काय फरक पडतो हे लिहिले नाही, एवढे मान्य करतो. शेवाळावर चप्पल टिकत नाही, हेही. रानात जाणाऱ्याला यादी पाहून धडकी भरू नये, हे माझे मूळ म्हणणे मात्र मी सोडणार नाही. येत्या शनिवारी आईला घेऊन जायचे आहे. मंचर-घोडेगावमार्गे सकाळी आठपर्यंत पोहोचू, नागफणी वगळू आणि अकराला मागे फिरू. खोऱ्यातले भाऊ, आईचे गुडघे दुखतात. तिच्या चालीने चालेल असा कोणी मुलगा सुचवाल का? दर आजच सांगा.

खोऱ्यातला :
माझा धाकटा भाऊ येईल. दर त्याला विचारून संध्याकाळी कळवतो. आईंना बूट नसतील तर तळाला खाचा असलेली, मागे पट्टा असलेली सॅंडल चालेल.