जुना गाळा घेतोय, स्ट्रक्चरल रिपोर्ट दाखवून भाव तोडता येतो का?

गाळेवाला_जळगाव:
राम राम मंडळी. जळगावात तळमजल्याचा गाळा आणि मागचं गोडाऊन बघितलंय, बिल्डिंग ९२-९३ ची, वर दोन मजले. मालक ८५ लाखाला अडून बसलाय. मी १८ हजार घालून इंजिनियरकडून तपासून घेतलं, चाळीस पानी रिपोर्ट आला, मागच्या दोन कॉलमचं कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) निघालंय सळई गंजलीये, स्लॅब गळतो आणि एका भिंतीला तिरपी भेग. दलाल म्हणतो रिपोर्ट दाखवला की मालक चिडेल. इसार अजून दिला नाही. काय करू?

पांझराकाठ:
भाऊ इसार दिला नाही हे लय बरं झालं. चाळीस पानं कोणता मालक वाचतो? मी धुळ्यात गोडाऊन घेताना अख्खा रिपोर्ट समोर टाकला तर तो म्हणे मग नका घेऊ, दोन महिने बोलणं बंद. नंतर एकच कागद नेला, ठेकेदाराच्या सहीचा, दुरुस्ती ४ लाख ६०. दोन लाख सोडले त्याने, आणि छताचं काम मीच करून देतो म्हणाला. दिलं करून, नुसती पुट्टी मारून रंग! पहिल्याच पावसात परत धार लागली. म्हणून सांगतो, दुरुस्ती मालकाच्या हातात देऊ नका, पैसेच कापून घ्या.

साइटवरचा_माणूस:
भेगेचं आधी सांगतो, आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात आकसते, पाया उथळ असला की भिंत दरवर्षी हालते. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने बसवून तारीख टाका, काच तडकली म्हणजे हालचाल चालूये. पण त्याला वेळ लागतो, एक-दोन महिन्यांत सौदा करायचा असेल तर भेगेवर भाव भांडू नका.

खरा मुद्दा कॉलम. मालक त्याचा इंजिनियर आणेल आणि रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटवर ठोकून बघायचं यंत्र) चांगले आकडे दाखवेल, त्याला भुलू नका, हॅमर फक्त वरच्या थराचा कडकपणा सांगतो आणि जुन्या काँक्रीटमध्ये कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वरचा थर कडक होणं) झालं की आकडा उलट वाढतो. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरी सोडून) किंवा कोर (आतला गोल तुकडा) काढून टेस्ट मागा. आणि कॉलम काही एकट्या गाळ्याचा नाही ना, त्यावर वरचे दोन मजले उभे आहेत, म्हणजे जॅकेटिंग (कॉलमभोवती नवीन सळई-काँक्रीटचा थर) करायचं तर वरच्यांची संमती आणि वाटा दोन्ही लागणार. ते आधी लेखी घ्या, नाहीतर पाच लाख कमी करून घेतले तरी काम अडकूनच बसेल.

अजून एक, महापालिका हद्दीत ३० वर्षं झालेल्या इमारतीला स्ट्रक्चरल स्टॅबिलिटी सर्टिफिकेट लागतं. मालकाकडे ते मागा. रिपोर्ट दाखवायच्या आधी.

हिशोबी:
भाव पाडताना रेडी रेकनर (जागेचा सरकारी दर) बघून ठेवा बरं का. त्याच्या खाली सौदा झाला तरी स्टॅम्प ड्युटी सरकारी दरानेच, आणि फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर तो तुमचं उत्पन्न धरून टॅक्स लागतो. सौदा ५० लाख किंवा वरचा असला की पूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस (मालकाला पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) पण तुम्हीच कापायचा, लोक विसरतात.

गाळेवाला_जळगाव:
सगळ्यांचे आभार. काल सर्टिफिकेट मागितलं, मालक म्हणे ते काय असतं. रिपोर्ट अजून पिशवीतून काढलाच नाही भो, आणि आज सकाळी दलालाचाच फोन, ८० ला बसू म्हणतोय. पण वरच्या दोघांची सही आल्याशिवाय मी काही बसत नाही.