घोट्याचा एक्स-रे
पाय मुरगळला की इमर्जन्सीत एक्स-रे फक्त बिल वाढवायला काढतात असं काही जण म्हणतात, ते मला निम्मंच पटतं, कारण फ्रॅक्चर नजरेतून सुटेल ही डॉक्टरांची धास्तीही खरी असते. त्यावरच कॅनडात ओटावाला डॉक्टर इयान स्टील आणि मंडळींनी अभ्यास करून १९९२ मध्ये नियम मांडले, घोट्याच्या दोन्ही हाडांच्या टोकाला आणि मागच्या कडेला खालच्या ६ सेंमीत दाबून दुखत नसेल आणि पेशंट चार पावलं टाकू शकत असेल (लंगडत टाकली तरी चालतं) तर घोट्याचा एक्स-रे सहसा लागत नाही.

मी जिन्यात पाय मुरगळून दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर घोट्याच्या हाडावर अंगठा दाबत वर सरकत गेले आणि म्हणाले, "उठा, चार पावलं चाला बघू." मला वाटलं टाळतायत, मीच हट्टाने एक्स-रे काढायला लावला, निघालं काहीच नाही.