टेन्सरफ्लो शिकणाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी डॉकर द्यावा का?

कळफलक
परवा या मंचावर एका सदस्यांनी ठामपणे लिहिले की व्हेन्व (प्रत्येक प्रकल्पाची पायथन पॅकेजेस वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याची सोय) शिकवणे म्हणजे विद्यार्थ्यांचा वेळ वाया घालवणे आहे, आणि मशीन लर्निंगचे टेन्सरफ्लो असो वा वेबसाइट बनवण्याचे जँगो, पहिल्या दिवसापासून सगळे डॉकरच्या कंटेनरमध्येच, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेल्या बंदिस्त पेटीतच, बसवले पाहिजे. व्हेन्व शिकवणारे शिक्षक दहा वर्षे मागे आहेत, असेही त्यांनी जोडले आहे. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकवते आणि यावर गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

वर्गात दर वर्षी काय घडते ते सांगते. विद्यार्थी विंडोजवर सर्वांत नवे पायथन उतरवतो, एखाद्या जुन्या व्हिडिओत पाहून टेन्सरफ्लो २.१० मागतो, आणि पॅकेजेस उतरवून देणारे पिप त्याला सांगते की अशी आवृत्ती सापडत नाही. त्याला वाटते की नेट गेले. २.१० ही आवृत्ती पायथन ३.७ ते ३.१० यांच्यासाठीच तयार केलेली आहे हे समजल्यावर तो ३.१० बसवतो, त्याच पायथनने नवे व्हेन्व तयार करतो आणि काम होते. या सगळ्यात त्याला तीन गोष्टी कळतात : व्हेन्व ज्या पायथनने बनवावे त्याच आवृत्तीचे राहते, पॅकेज विशिष्ट आवृत्त्यांसाठी बांधलेले असते, आणि व्हेन्व ॲक्टिव्हेट केल्याने मुख्यतः पाथ, म्हणजे आज्ञा शोधण्याच्या फोल्डरांची यादी, बदलतो. व्हेन्वमधली पायव्हेन्व.सीएफजी ही काही ओळींची फाइल उघडून दाखवली की उरलेले गूढही संपते. डॉकरची एक ओळ चिकटवून ज्याचे काम झाले, त्याला ती ओळ बिघडल्यावर कुठे हात घालायचा हेच ठाऊक नसते.

सर्व्हरखोली
मॅडम, तुमच्या उदाहरणातच तुमच्या मुद्द्याचे उत्तर आहे. विद्यार्थी २.१० का मागतो? कारण विंडोजवर थेट जीपीयू (ग्राफिक्स कार्डाचा प्रोसेसर) वापरू देणारी ती शेवटची आवृत्ती होती. २०२२ मध्ये २.११ आली आणि जीपीयू हवा असेल तर डब्ल्यूएसएल २ मध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) जा, असे टेन्सरफ्लोनेच सांगितले. म्हणजे व्हेन्वची शिकवण टिकावी म्हणून तुम्ही मुलांना मागे पडलेल्या आवृत्तीला बांधून ठेवता.

व्हेन्व वेगळे करते ती फक्त पायथनची पॅकेजेस. कुडा आणि सीयूडीएनएन या एनव्हिडियाच्या कार्डावर गणिते चालवणाऱ्या लायब्रऱ्या आणि सिस्टीमच्या इतर लायब्रऱ्या त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि घोडे नेमके तिथेच पेंड खाते. आमच्याकडे नवीन मुले रुजू झाली की प्रत्येकाच्या यंत्रावर कुडाची निराळी आवृत्ती असायची आणि पहिला आठवडा त्यातच जायचा. टेन्सरफ्लोची जीपीयू इमेज (कंटेनर ज्यातून सुरू होतो तो तयार साचा) वापरायला लागल्यापासून यजमान यंत्रावर, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतो त्या संगणकावर, एनव्हिडियाचा ड्रायव्हर आणि त्यांचे कंटेनर टूलकिट एवढेच लागते. हा काळाबरोबर चालण्याचा हट्ट मुळीच नाही. मी माणसांचे वाया गेलेले दिवस पाहिले आहेत, म्हणून बोलतो.

कळफलक
तुमचा आठवडा वाया गेला तेव्हाची स्थिती आता राहिलेली नाही. २.१४ पासून लिनक्सवर टेन्सरफ्लो मागतानाच कंसात 'अँड-कुडा' जोडले की कुडाच्या लायब्रऱ्या पिपच आणून देते आणि त्या व्हेन्वच्या फोल्डरमध्येच बसतात. विंडोजवाल्याला डब्ल्यूएसएलमध्ये जावे लागेल हे खरे, पण डब्ल्यूएसएलमध्येही व्हेन्व चालते. शिवाय ज्या ड्रायव्हरचा तुम्ही ओझरता उल्लेख केलात, तो कंटेनरच्या आत नसतोच. तो जुना असेल तर तुमची इमेजही नव्या कुडासाठी हात वर करते. मग विद्यार्थ्याला सगळे आत आहे असे सांगून त्याची बोळवण का करायची?

आठजीबी
मी विद्यार्थी आहे, म्हणून माझी बाजू मांडतो. माझ्या लॅपटॉपची रॅम आठ जीबी आहे. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप डब्ल्यूएसएल २ वर चालतो, आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणे डब्ल्यूएसएल निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकते. ब्राउझर आणि एडिटर उघडला की यंत्र रडायला लागते. जीपीयू इमेज काही जीबींची असते आणि मी वसतिगृहात मोबाइलच्या डेटावर काम करतो. इमेज पुसल्या तरी माझ्याकडे व्हर्च्युअल डिस्कची फाइल आपोआप लहान झाली नाही, त्यामुळे सी ड्राइव्ह भरलेलाच राहिला. माझ्याकडे एनव्हिडियाचे कार्डच नाही. मला सीपीयूवर एक लहान मॉडेल चालवायचे आहे. त्यासाठी एवढा संसार मी कशाला मांडू?

ताळेबंद
मूळ लेखाने परवान्याचा मुद्दा पूर्ण टाळला आहे, आणि तो दर वेळी टाळला जातो. ३१ ऑगस्ट २०२१ ला डॉकर डेस्कटॉपच्या अटी बदलल्या. २५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या, किंवा वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या कंपनीला त्यानंतर पैसे मोजावे लागतात. आधी फुकट देऊन सवय लावायची आणि मग हिशेब मागायचा, ही पद्धत मला मान्य नाही.

सर्व्हरखोली
शिक्षणासाठी तो आजही विनामूल्य आहे आणि लिनक्सवरचे डॉकर इंजिन अपाचे परवान्याखाली खुले आहे. इथे चर्चा विद्यार्थ्यांची चालली आहे. 'आठजीबी', कार्ड नसेल तर तुम्ही व्हेन्व वापरा, माझी हरकत नाही. पण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कार्डाची यंत्रे असतात. तिथे सर्वांना एकच इमेज द्या आणि सत्र सुरळीत पार पाडा.

चाव्यांचा जुडगा
प्रयोगशाळेचा विषय निघालाच आहे तर ती सांभाळणाऱ्याचेही ऐका. विद्यार्थ्याला डॉकर चालवू द्यायचा म्हणजे त्याला डॉकर ग्रुपमध्ये घालायचे, आणि त्या ग्रुपमध्ये घालणे म्हणजे त्याला रूट, अर्थात यंत्रावरचे सर्वाधिकार, देणे होय. यजमानाची संपूर्ण फाइल सिस्टीम कंटेनरमध्ये माउंट करायला (जोडायला) एक ओळ पुरते. मग आतला रूट बाहेरच्या कोणत्याही फाइलला हात लावू शकतो. डॉकरच्या स्वतःच्या दस्तऐवजांतही हा इशारा स्पष्ट दिलेला आहे.

आमच्याकडे एका सामायिक सर्व्हरवर आग्रहाखातर ही मुभा दिली गेली. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांच्या फोल्डरमध्ये डझनावारी मॉडेलच्या फाइली पडल्या होत्या आणि यादी काढल्यावर प्रत्येकीसमोर मालक म्हणून रूट दिसत होता. त्या ज्यांच्या होत्या त्यांनाच त्या बदलता येईनात, आणि सगळे माझ्या दारात उभे. त्याहून गंभीर गोष्ट ज्युपिटरची, म्हणजे ब्राउझरमधून कोड चालवायच्या वहीची. ८८८८ पोर्ट बाहेर काढताना पत्ता दिला नाही तर डॉकर तो सर्व इंटरफेसवर उघडतो, आणि त्याचे आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या नेटवर्क-गाळणीचे) नियम यूएफडब्ल्यू या फायरवॉलला वळसा घालून जातात. यूएफडब्ल्यूमध्ये पोर्ट बंद दिसत होता, तरी शेजारच्या इमारतीतून वही उघडत होती. एकच इमेज द्या म्हणणाऱ्यांनी कधी अशा खोलीच्या चाव्या सांभाळल्या आहेत का?

सर्व्हरखोली
हा शेवटचा प्रश्न व्यक्तिगत आहे आणि तो विचारण्याची गरज नव्हती. मी सर्व्हरच सांभाळतो. कंटेनर सुरू करताना युजरचा क्रमांक दिला की फाइली रूटच्या नावावर पडत नाहीत. पोर्टआधी १२७.०.०.१ हा यंत्राचा स्वतःपुरता पत्ता लिहिला की तो बाहेर उघडत नाही. रूटलेस (रूटचे अधिकार न लागणारी) पद्धत डॉकर २०.१० पासून पूर्णपणे उपलब्ध आहे, आणि पॉडमन हे डॉकरसारखे साधन तर पार्श्वभूमीवर कायमस्वरूपी चालणाऱ्या डिमनशिवायच काम करते. मांडणीत राहिलेल्या उणिवांचे खापर तुम्ही साधनावर फोडत आहात.

चाव्यांचा जुडगा
प्रश्न कडवट होता, तो मी मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. तुम्ही मोजून चार खबरदाऱ्या सांगितल्या, आणि चारही नवशिक्याने किंवा माझ्यासारख्या एकट्या माणसाने आठवणीने घ्यायच्या आहेत. व्हेन्वला यातली एकही लागत नाही, कारण ते विद्यार्थ्याच्या घरच्या फोल्डरबाहेर पाऊलच टाकत नाही. एक बिघडले तर तो फोल्डर पुसतो आणि पुन्हा बनवतो. मला उठावे लागत नाही.

रांगेतला जॉब
मी संशोधनासाठी सामायिक महासंगणक वापरतो. अशा ठिकाणी रूटच्या याच कारणासाठी सहसा डॉकर देत नाहीत. ॲपटेनर हे दुसरे कंटेनर साधन देतात, पूर्वी सिंग्युलॅरिटी म्हणत तेच. त्यात बाहेर तुम्ही जे कोणी आहात तेच आतही असता, आणि डॉकरची इमेज तशीच वापरता येते. तेव्हा कंटेनर म्हणजे रूट, हे समीकरणही पूर्ण बरोबर नाही. 'चाव्यांचा जुडगा' यांनी ते एकदा बसवून पाहावे.

कळफलक
ॲपटेनरची सूचना मी आमच्या प्रयोगशाळेत मांडणार आहे. पण एक गोष्ट मला फार खटकते आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिप थेट काही बसवू देत नाही. 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' असे सांगून थांबते आणि व्हेन्व बनवा असे त्याच संदेशात सुचवते. तरीही मदत मागणाऱ्या मुलांना लोक 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' हा पर्याय जोडायला सांगतात. ज्याच्या नावातच मोडतोड लिहिली आहे असा पर्याय नवशिक्याच्या हातात द्यायला लोक धजावतात कसे?

सर्व्हरखोली
इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. मात्र व्हेन्व सोबत नेता येत नाही, हेही तुम्ही मुलांना सांगा. आमच्याकडे एका उमेदवाराने संपूर्ण व्हेन्वचा फोल्डर पेनड्राइव्हवर आणला होता. आतल्या पिपच्या पहिल्या ओळीत त्याच्या घरच्या यंत्रावरचा पूर्ण पत्ता होता, त्यामुळे आमच्या यंत्रावर ते सुरूच झाले नाही. पॅकेजची यादी त्याने काढलीच नव्हती.

कळफलक
यादी काढायला आम्ही शिकवतो, आवृत्तीच्या आकड्यासकट. आणि हाच आकडा तुमच्या डॉकरफाइलीतही, म्हणजे इमेज बांधण्याच्या कृतीतही, लागतो. जून २०२४ मध्ये नमपाय या गणिती पॅकेजचे २.० आले तेव्हा जुन्या नमपायवर बांधलेली अनेक पॅकेजेस कोसळली. ज्यांच्या डॉकरफाइलीत नुसते नमपाय लिहिले होते आणि मूळ इमेजपुढे आकड्याऐवजी 'लेटेस्ट' होते, त्यांनी नव्याने बांधलेली इमेज जुन्या इमेजसारखी राहील याची हमी कोणीच देऊ शकत नव्हते. आवृत्त्या बांधून ठेवण्याची शिस्त कंटेनर आपोआप लावत नाही.

सर्व्हरखोली
हे मान्य करावे लागेल. 'लेटेस्ट'वर विसंबलेल्या इमेज मीही दुरुस्त करत बसलो आहे. तरीही माझे म्हणणे कायम आहे : जो प्रकल्प दुसऱ्याच्या यंत्रावर चालायचा आहे, त्यासोबत आकडे बांधलेली डॉकरफाइल असलीच पाहिजे. ती नसेल तर मी तो प्रकल्प तपासायला घेणार नाही.

कळफलक
अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी ही अट मी स्वतः विभागाच्या बैठकीत मांडेन. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात मात्र व्हेन्वच राहील.