शब्दचर्चा: क्रोन्समधल्या फायब्रोसिसला ‘व्रण’ म्हणावे का?

परळकर: क्रोन्स, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणारा जुनाट आजार. त्याच्या ओपीडीत वाटायच्या माहितीपत्रकात फायब्रोसिसबद्दल, म्हणजे सुजेनंतर भिंत कडक होण्याबद्दल, ‘व्रण पडून आतडे अरुंद होते’ असे लिहिले आहे. चालेल का?

ऊतकपारखी: व्रण नको. क्रोन्समध्ये आतड्याच्या अस्तराला खऱ्याच जखमा असतात, त्यांनाही व्रणच म्हणतात. जखम अजून ओली आहे की भरून कडक झाली आहे, यावर उपचार ठरतो. तो फरक पुसला जाऊ नये.

क्रोन्सची सूज भिंतीच्या सगळ्या थरांत उतरते. तिथे जमलेल्या महाभक्षी पेशी (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी) टीजीएफ-बीटासारखी संदेशद्रव्ये सोडतात. त्याने फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतकाच्या पेशी, जाग्या होऊन मायोफायब्रोब्लास्ट होतात. त्या कोलॅजेन हे चिवट प्रथिन ओततात आणि स्वतः आकुंचन पावून भिंत आवळतात. साध्या जखमेत काम उरकले की या पेशी मरतात. इथे सूज पुन्हा पुन्हा उठते, म्हणून त्या टिकून राहतात. पुढे भिंतीचा ताठरपणाच त्यांना चेतवत ठेवतो, त्यामुळे सूज ओसरली तरी कोलॅजेन साचत राहू शकते. शिवाय स्नायूचा थरही जाड होतो. माझ्या मते ‘निबर होणे’ लिहा. निबर भेंडी कितीही शिजवली तरी मऊ होत नाही, हे घरोघरी माहीत आहे.

परळकर: फायब्रोसिसला कोशातला ‘तंतुमयता’ हा शब्द?

आहारवाली, दादर: पत्रकात तर मुळीच नको! खालीच ‘तंतुमय पदार्थ कमी खा’ असे येणार. भाजीतले तंतू आतड्यात साचून रोग झाला, अशीच समजूत होईल. पदार्थांची नावेच द्या: मक्याचे दाणे, कच्ची कोशिंबीर, संत्र्याच्या फोडीवरची साल.

टाकेवाला: निबरला माझी संमती. स्ट्रिक्चरला ‘अरुंद भाग’ म्हणा. ‘ब्लॉकेज’ म्हटले की लोकांना हृदय आठवते, आणि ‘पीळ’ हा वेगळाच आजार. ‘अडथळा’ हा पुढचा परिणाम, अरुंद भाग असूनही तो नसू शकतो.

स्टिरॉइड आणि बायोलॉजिक (सजीव पेशींतून बनवलेल्या) औषधांनी सूज उतरते, साचलेले कोलॅजेन विरघळत नाही. त्यासाठी मंजूर औषध अजून नाही. अरुंद भाग सरळ आणि ५ सेंटीमीटरपर्यंत असेल तर दुर्बिणीतून फुग्याने १८ ते २० मिलिमीटरपर्यंत रुंद करतात. त्यात आतडे फाटण्याचा धोका असतो. साधारण १० सेंटीमीटरपर्यंतच्या भागाला लांबीत चीर देऊन आडवे शिवता येते, आतडे कापून टाकावे लागत नाही.

आणि मुंबईत पत्रक वाटताय, तर टीबीचा उल्लेख हवाच. तोही लहान आतड्याच्या शेवटी बसतो आणि तसाच अरुंदपणा आणतो. तो नाही याची खात्री करण्याआधी स्टिरॉइड सुरू झाले तर टीबी पसरू शकतो.

परळकर: आता असे केले: ‘वारंवार सूज येऊन आतड्याची भिंत निबर होते व आतला मार्ग अरुंद होतो.’

टाकेवाला: उत्तम. त्याखाली ठळक अक्षरांत जोडा: पोट फुगले, उलट्या थांबत नाहीत आणि वाराही सरत नाही, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत या.