पहिल्याच लेव्हलला उडणारी रेस आणि मागे पडणारा ड्रॅगनबॉर्न: तोल कसा साधावा?

कातळवाट (प्रश्न)

नमस्कार. डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे साकारून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४च्या नियमांवर आधारलेले एक कॅम्पेन (अनेक बैठकींत चालणारी सलग कथा) मी लवकरच डीएम (खेळ चालवणारा) म्हणून सुरू करत आहे. खेळाडूंनी आराकोक्रा रेंजर, व्हेरिएंट ह्यूमन विझार्ड, हाफलिंग रोग आणि ड्रॅगनबॉर्न फायटर अशी पात्रे (आधी रेस म्हणजे वंश, मग पेशा) निवडली आहेत. आराकोक्राला, म्हणजे पक्षिमानवाला, पहिल्या लेव्हलपासून ५० फूट वेगाने उडता येते आणि ह्यूमनला सुरुवातीलाच एक फीट (खास कौशल्य) मिळते; त्यांच्या शेजारी ड्रॅगनबॉर्नकडे दोन विश्रांतींच्या मध्ये एकदाच वापरता येणारे ब्रेथ वेपन (श्वासाचा हल्ला) आणि एका प्रकारच्या इजेपासून संरक्षण एवढेच आहे, डार्कव्हिजनसुद्धा (अंधारात पाहण्याची क्षमता) नाही. प्रत्येक वैशिष्ट्याला गुण देऊन सगळ्या रेसची बेरीज सारखी करावी, असे मनात आहे. ही पद्धत कितपत टिकेल? कॅम्पेनचा पहिला भाग उघड्या डोंगराळ मुलखात घडतो, दुसरा ड्वार्फांनी सोडून दिलेल्या खाणींत, आणि बाराव्या लेव्हलपर्यंत जाण्याचा विचार आहे.

मशालजी

गुणांच्या बेरजेवर फार विसंबू नये, असे माझे मत आहे, कारण एखादे वैशिष्ट्य वापरताना पात्राला त्या बदल्यात काय सोडावे लागते हे त्या बेरजेत येत नाही. ड्रॅगनबॉर्नचेच पाहा. पहिल्या लेव्हलला ब्रेथ वेपनचे सहा बाजूंचे दोन फासे, म्हणजे सरासरी ७ इजा, आणि तीही एकाच वेळी दोन-तीन शत्रूंना. हे उत्तमच आहे. परंतु पाचव्या लेव्हलला फायटरला एका ॲक्शनमध्ये दोन हल्ले मिळतात. मोठी तलवार आणि अधिक चारचा स्ट्रेंग्थ मॉडिफायर (ताकदीची भर) धरल्यास प्रत्येक हल्ल्याची सरासरी ११ होते, तर ब्रेथ वेपन अजून त्याच ७वर असते, शिवाय सेव्ह (बचावाचा फासा) जमलेल्या शत्रूला त्याच्या निम्मीच इजा होते. एकाच शत्रूशी गाठ असेल तर त्या फायटरने श्वास वापरणे हे नुकसानीचेच ठरते. वैशिष्ट्य कागदावर तसेच असते, पण खेळाडू ते वापरायचे सोडून देतो.

२०२१ साली आलेल्या ‘फिझबन्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स’ या नियमपुस्तकात नेमका हाच दोष काढला आहे. तेथे श्वास एका हल्ल्याच्या जागी वापरता येतो, दहा बाजूंचा फासा येतो आणि प्रोफिशियन्सी बोनसइतक्या (लेव्हलनुसार वाढणाऱ्या आकड्याइतक्या) वेळा तो वापरता येतो. तुमच्या खेळाडूला तोच ड्रॅगनबॉर्न द्यावा. बेरीज करत बसण्यापेक्षा हा एक बदल जास्त काम करील.

पिवळी वही

मशालजींशी सहमत आहे. जोडीला थोडा इतिहास सांगतो, कारण तुमच्यासमोरचा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे आणि त्यावरचे दोन उपाय आधीच फसलेले आहेत.

१९७४च्या मूळ नियमांत ड्वार्फ सहाव्या लेव्हलच्या पुढे जाऊ शकत नसे आणि हाफलिंगची मजल चौथ्या लेव्हलपर्यंतच होती. माणसाला मात्र मर्यादा नव्हती. आरंभी मिळालेल्या सवलतींची किंमत शेवटी वसूल करायची, असा हा हिशेब. परंतु कॅम्पेन पाचव्या लेव्हलला थांबले तर ड्वार्फाला सगळे फुकटच मिळाले, आणि दहाव्यापर्यंत गेले तर तोच खेळाडू आठवड्यामागून आठवडे वाढ खुंटलेले पात्र घेऊन बसला. म्हणजे दोन्ही टप्प्यांवर तोल बिघडलेलाच राहिला. पुढे २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत लेव्हल ॲडजस्टमेंट, म्हणजे बलवान रेसच्या पात्राची लेव्हल वाढवून मोजण्याचा नियम, आली. त्या नियमाने ड्राऊ एल्फ विझार्ड तिसऱ्या लेव्हलचा असला तरी पाचव्या लेव्हलचा गणला जाई, त्यामुळे बरोबरीचा माणूस तिसऱ्या पातळीचे मंत्र म्हणत असताना हा दुसऱ्या पातळीवरच असे.

म्हणून आराकोक्राकडून आज काही काढून घेऊन उद्या परत देण्याच्या, किंवा आज देऊन उद्या वसूल करण्याच्या योजनेबद्दल मला मनापासून शंका आहे. ज्या टप्प्यावर खेळ चालू आहे, त्याच टप्प्यावर तोल असायला हवा.

गिधाडकडा

उड्डाणापुरते मला वेगळे वाटते. पाचव्या आवृत्तीत विझार्डला ‘फ्लाय’ हा मंत्र पाचव्या लेव्हलला मिळतो, तोही कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) राखून, जास्तीत जास्त दहा मिनिटांसाठी. दरी, तटबंदी, नदी यांसारखे अडथळे पहिल्या चार लेव्हलमध्ये अडथळे म्हणून उभे राहावेत, हे त्यामागचे गृहीतक आहे. १५० फुटांपर्यंत सरळ मारा करणारा लाँगबो (लांब धनुष्य) घेतलेला उडणारा रेंजर ते गृहीतकच मोडतो. २०२४च्या नव्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्येही ड्रॅगनबॉर्नला पंख पाचव्या लेव्हललाच फुटतात, आणि तेही दहा मिनिटांपुरते. तेव्हा पिवळी वही म्हणतात तशी ही शिक्षा ठरत नाही. सगळ्यांना जी क्षमता ज्या वेळी मिळते, त्याच वेळी ती आराकोक्रालाही मिळते. चौथ्या लेव्हलपर्यंत त्याला फक्त तरंगत खाली येता यावे, म्हणजे पडून इजा होऊ नये, आणि पुढे पूर्ण उड्डाण द्यावे.

एक मात्र कृपया टाळावे. प्रत्येक टोळीच्या हातात अचानक धनुष्यबाण देऊ नयेत. उडणाऱ्याला धडा शिकवण्यासाठी आखलेली लढाई खेळाडूंच्या लगेच लक्षात येते, आणि ते बाण शेवटी बिचाऱ्या विझार्डलाच लागतात.

पिवळी वही

मंत्राच्या लेव्हलचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही हा बदल खेळ सुरू होण्यापूर्वी सांगावा आणि त्या खेळाडूला रेस बदलण्याची मोकळीक द्यावी.

मशालजी

खाणींबद्दल एक राहिले. तेथे छत ठेंगणे असल्याने पंखांचा प्रश्न बराचसा आपोआप मिटेल. शिवाय या चौघांपैकी कोणालाच डार्कव्हिजन नाही, त्यामुळे प्रत्येकाला मशाल लागणार आहे. याचा अर्थ ड्रॅगनबॉर्नची ती उणीव तुमच्या गटात उणीवच नाही, आणि तिच्यासाठी गुण कापणे किंवा भरपाई देणे दोन्ही चूक ठरेल. हाफलिंगला विसरू नका. वीस बाजूंच्या फाशावर १ पडल्यास पुन्हा टाकण्याची मुभा तक्त्यात क्षुल्लक दिसते, पण ती हल्ला, सेव्ह आणि ॲबिलिटी चेक (क्षमतेची चाचणी) या तिन्हींना लागू असून बाराव्या लेव्हलपर्यंत कधीही जुनी होत नाही.

कातळवाट

सर्वांचे आभार. गुणांचा तक्ता बाजूला ठेवतो. ड्रॅगनबॉर्नला २०२१चा श्वास देईन, हाफलिंग आणि ह्यूमन आहेत तसेच राहतील. आराकोक्राच्या खेळाडूशी आज बोललो. पाचव्या लेव्हलपर्यंत फक्त तरंगण्याची अट त्याने मान्य केली, मात्र पूर्ण उड्डाण डोंगराळ भागातच मिळावे, खाणीत शिरल्यावर नव्हे, अशी त्याची मागणी आहे. ती मला रास्त वाटते, म्हणून पहिला भाग सहाव्या लेव्हलपर्यंत लांबवत आहे.